डीटीएफच्या रिपमधला शाईखर्चाचा आकडा कितपत धरायचा

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. डीटीएफ म्हणजे डिझाइन आधी फिल्मवर छापून, पावडर लावून, मग गरम प्रेसनं कपड्यावर चिकटवायची छपाई. त्या मशीनबरोबर जे रिप सॉफ्टवेअर मिळतं, म्हणजे डिझाइनचे मशीनला छापता येतील असे ठिपके करून देणारं, त्यात शाईचा खर्च काढून द्यायची सोय असते, कुठं इंक कॉस्ट म्हणतात कुठं जॉब कॉस्ट, तर ही सोय लय कामाची आहे, पण स्क्रीनवर दिसणारा आकडा उचलून थेट कोटेशनमधे टाकलात तर वर्षाच्या शेवटी हिशोब बसणार नाही. दोन डिझाइनपैकी कुठल्याला जास्त शाई जाणार हे ती अगदी बरोबर सांगते. महिन्याला शाईवर तुमचे किती पैसे जाणार हे तिला माहीतच नसतं, कारण कपड्यावर न गेलेली शाई तिच्या हिशोबात येत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही कारण ही सोय आता बऱ्याच रिपमधे थोड्याफार फरकानं सारखीच असते, मी जे लिहितोय ते कुणालाही लागू पडेल. आमचं काम सांगलीत, कुपवाड रोडच्या बाजूला, मशीन 60 सेमीची, दोन हेडची (हेड म्हणजे बारीक छिद्रांतनं, नोझलमधनं, शाई सोडणारा भाग), एप्सनचे आय 3200, एका हेडमधनं चार रंग आणि दुसऱ्यातनं नुसती पांढरी. गणपती मंडळं, शिवजयंती, क्रिकेटच्या टूर्नामेंटा, वालचंद आणि विलिंग्डनची पोरं, हॉटेलवाल्यांचे युनिफॉर्म असलं सगळं. त्यातही निम्म्याच्या वर काम काळ्या टीशर्टवर, आणि काळा टीशर्ट म्हणजे पांढऱ्या शाईचा खेळ, त्यामुळं शाईचा अंदाज हा आमच्याकडं शोभेचा विषय नाही.

हा आकडा येतो कुठनं ते आधी समजून घ्या, म्हणजे त्याच्यावर कुठं विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं. डिझाइन रिप झालं की प्रत्येक रंगाचे लाखो ठिपके तयार होतात, लहान मध्यम मोठे अशा मापाचे. एका ठिपक्यात किती पिकोलिटर शाई जाते हे सॉफ्टवेअरमधे आधीच भरलेलं असतं, पिकोलिटर म्हणजे एक मिलीचा अब्जावा भाग. सॉफ्टवेअर ठिपके मोजतं, मापानं गुणतं, मिली काढतं, आणि मिलीला तुम्ही भरलेल्या दरानं गुणून रुपये दाखवतं. बास एवढंच. शाई प्रत्यक्षात कुणी मोजत नाही, मशीनमधे तसा मीटर नाही, सगळं गणित कॉम्प्युटरमधेच होतं. म्हणून ठिपक्याचं माप चुकीचं भरलं असेल किंवा दर चुकीचा असेल तर आकडा दिसायला दोन दशांशापर्यंत चोख दिसतो पण असतो भलताच.

दराचं तर पहिल्याच दिवशी बघा. आमच्याकडं आत आधीपासूनच भरलेले दर डॉलरमधले होते, पाच-सहा मेनू आत गेल्याशिवाय ते बदलायची जागा सापडत नाही, आणि सगळ्या रंगांना एकच दर होता. ते सगळं पुसून चॅनेलवार, म्हणजे रंगवार, आपला दर टाका. मी पुढं जे गणित करणार आहे त्यात पांढरी लिटरला 1700 आणि रंगीत 1600 धरलीय, हे माझ्या खरेदीचे, जीएसटी आणि ट्रान्सपोर्ट धरून, तुमचे वेगळे असतील. जीएसटीचं विसरू नका. प्रिंटिंग शाईवरचा जीएसटी 18 जुलै 2022 पासून 12 चा 18 टक्के झालेला आहे, आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर तो परत मिळत नाही, म्हणजे तो सरळ खर्चच, तो दरात धरूनच भरायचा. रेग्युलरमधे असाल आणि क्रेडिट घेत असाल तर जीएसटी सोडून भरा. एवढ्या एका गोष्टीनं आकडा 18 टक्क्यांनी हलतो आणि बऱ्याच जणांनी ते कधी बघितलेलंच नसतं.

आता जिथं हे फीचर खरंच पैसे वसूल करतं ते सांगतो. एका मंडळाचं काम होतं, काळे टीशर्ट, पाठीवर 11 बाय 14 इंचाचा बाप्पाचा फोटो आणि खाली मंडळाचं नाव. पोरांनी दिलेली फाईल म्हणजे मोबाईलवर बनवलेला चौकोनी जेपीजी, मागं सगळं काळं बॅकग्राउंड. तसंच रिप केलं तर आकडा आला पांढरी 2 मिली आणि रंगीत 1.7 मिली, म्हणजे शाईचे साधारण 6 रुपये 12 पैसे एका टीशर्टला. आता जरा विचार करा, टीशर्ट मुळातच काळा, त्याच्यावर आपण आधी पांढरा थर देणार आणि त्या पांढऱ्यावर परत काळी शाई ओतणार, हे कशासाठी? रिपमधे काळा रंग काढून टाकायची सोय असते, नॉकआउट म्हणतात, ती लावली, कडा जिथं काळ्यात विरघळत जातात तिथं हाफटोन (बारीक सुटे ठिपके) टाकला, परत रिप केलं. पांढरी 1.1, रंगीत 0.7. रुपयात 2 रुपये 99 पैसे. निम्म्याच्या खाली. दीडशे टीशर्टला साडेचारशेच्या वर रुपये नुसते शाईचे वाचले, पावडर वाचली ती वेगळीच, आणि मेन म्हणजे टीशर्ट घातल्यावर पाठीला ताडपत्री चिकटवल्यासारखं होत नाही, हवा लागते, मिरवणुकीत सात-आठ तास नाचणाऱ्या पोराला तेच पाहिजे असतं.

हे सगळं अनुभवानंही कळतं, नाही असं नाही. पण अनुभवानं "कमी जाईल" एवढं कळतं, आकड्यानं किती कमी ते कळतं, आणि फाईल नीट करायला जो अर्धा तास जातो तो घालवावा की नको हे ठरवता येतं. दहा टीशर्टच्या ऑर्डरला तीस रुपये वाचवायला अर्धा तास घालवणं परवडत नाही (कपडा मऊ राहावा म्हणून तरीही करतो ते सोडा), दीडशेला डोळे झाकून करायचं. तसंच पांढऱ्याचं प्रमाण. बरेच मशीनवाले 100 टक्के पांढरी ठेवून मोकळे होतात. पिवळा, केशरी, पोपटी असल्या उजळ रंगांखाली पूर्ण पांढरी लागतेच, नाहीतर भगवा मळकट दिसतो आणि भगवा मळकट दिसला की मंडळवाले टीशर्ट परत आणून टाकतात. पण गर्द निळा, मरून, गडद हिरवा याच्याखाली 80 टक्क्यांवर सुद्धा फरक दिसत नाही. प्रत्येक वेळी बदल करून आकडा बघायचा, एक छोटा तुकडा छापून डोळ्यानं बघायचा, दोन्ही पटलं की पुढं.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. पास, म्हणजे एकाच पट्ट्यावरनं हेडच्या होणाऱ्या फेऱ्या, वाढवला की शाई जास्त जाते असं लय जण छातीठोक सांगतात. रिझोल्यूशन आणि ठिपक्याचं माप तेच असेल तर चार पासला छापा नाहीतर आठ पासला, शाई तेवढीच जाते, आठ पासमधे तेच ठिपके जास्त फेऱ्यांत वाटून टाकले जातात, वेळ वाढतो आणि पट्टे कमी दिसतात. शाई वाढते ती रिझोल्यूशन वाढल्यावर किंवा इंक लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त शाईची मर्यादा, वर नेल्यावर. गोंधळ होतो कारण मशीनवाल्यांनी दिलेल्या तयार मोडमधे पास आणि रिझोल्यूशन दोन्ही एकदम बदलतात, आणि आपल्याला वाटतं पासमुळं झालं. रिपमधला आकडा बघा, रिझोल्यूशन न बदलता पास बदलला तर आकडा जागचा हलत नाही.

आता आकडा खरा आहे का ते तपासायचं कसं. याला महागाचं काही लागत नाही, मेडिकलमधनं 20 मिलीची एक सिरिंज आणायची, सांगली-मिरजेत मेडिकलला तोटा नाही. पांढऱ्याच्या टाकीला बाहेरनं मार्करनं बारीक रेघ मारा आणि शाई बरोबर रेघेला आणून ठेवा. मधे हेड क्लीनिंग (नोझल साफ करायला शाई ओढून काढणं) न घेता पांढऱ्याचा सलग मोठा पट्टा छापा, चांगला मीटर-दीड मीटर, छोट्या तुकड्यावर फरक कळत नाही. मग सिरिंजनं मोजून शाई परत रेघेपर्यंत भरा. सिरिंजमधनं जेवढी गेली तेवढी खरी गेली. आमच्याकडं रिप म्हणत होतं 16 मिली आणि सिरिंज म्हणाली 19. म्हणजे जवळजवळ 19 टक्के जास्त. रंगीतला फरक थोडा होता. कारण ठिपक्याचं जे माप आत भरलेलं होतं ते आमच्या हेडच्या सेटिंगचं नव्हतंच, मशीन बसवून देणाऱ्यानं कुठल्यातरी दुसऱ्या मशीनचं सेटिंग तसंच टाकलेलं. सॉफ्टवेअरमधे चॅनेलवार टक्केवारी वाढवायची जागा असते, तिथं दुरुस्ती केली, परत छापून बघितलं, जुळलं. वर जे बाप्पाच्या फोटोचे आकडे दिलेत ते ही दुरुस्ती केल्यानंतरचेच आहेत. शाईची कंपनी बदलली, हेड बदललं की ही चाचणी परत घ्यायची.

इथपर्यंत फीचरला माझे पूर्ण मार्क. आता खरा प्रश्न, जी शाई कपड्यावर जातच नाही ती.

मशीनच्या पोटात खाली एक वेस्टची बाटली असते. हेड क्लीनिंग घेतलं की हेडवर बसणाऱ्या कॅपमधनं पंप शाई ओढतो आणि ती नळीतनं त्या बाटलीत पडते. सगळे रंग आणि पांढरी मिसळून एक राखाडी-जांभळट रंगाचं पाणी होतं, वर पातळ आणि तळाला पांढरा गाळ बसलेला. आमच्या पोरानं त्या बाटलीवर मिलीच्या खुणा केल्यात आणि रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहून ठेवतो. हे कॅलेंडर रिपपेक्षा खरं बोलतं. सकाळी मशीन चालू केली की नोझल चेक, दोन नोझल मुकी निघाली की क्लीनिंग, तरी नाही आली की डीप क्लीनिंग, दुपारी लाइट गेली आणि हेड कॅपवर यायच्या आत मशीन बंद पडली की परत क्लीनिंग. उन्हाळ्यात तर विचारू नका, एप्रिल-मे मधे सांगलीत 40 च्या आसपास जातं, हवा कोरडी, नोझल वाळतात. खोलीत ओलावा पाहिजे, 40 ते 60 टक्के ठेवा म्हणतात, कूलर लावून कसंबसं जमवतो.

आणि यात सगळ्यात जास्त जाते ती पांढरीच. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, तो जड असतो, शाई उभी राहिली की तळाला बसतो. म्हणून टाकीत ढवळणारा पंखा असतो, शाई फिरती ठेवायला पंप असतो, तरीपण दोन दिवस काम नसलं की नळीत, डॅम्परमधे (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) बसतोच. मग ती बसलेली शाई ओढून काढायची, म्हणजे वेस्टच्या बाटलीत. त्यामुळं रंगीत आणि पांढऱ्याला एकच वेस्टेज टक्का लावणं चूक आहे, दोन्हीचे वेगळे काढा.

काढायचे कसे, तर किराणा दुकानदार काढतो तसंच. महिन्याच्या पहिल्या तारखेला शिल्लक शाई, त्यात महिन्याची खरेदी मिळवायची, शेवटच्या तारखेची शिल्लक वजा करायची, उरली ती संपलेली शाई. आणि रिपच्या लॉगमधनं (छापलेल्या कामांची नोंद) त्याच महिन्याची बेरीज काढायची. दोन्हीचा भागाकार. आमच्याकडं गणपतीच्या आधीच्या धावपळीच्या महिन्यात लॉग म्हणतो पांढरी 4200 मिली आणि प्रत्यक्षात संपली 4900, म्हणजे 1.17 पट. रंगीत 2300 ला 2550, 1.11 पट. हे चांगलंय. पण पावसाळ्याच्या तोंडावर जेव्हा काम निवांत असतं त्या महिन्यात लॉगमधे पांढरी 600 आणि संपलेली 1150. जवळजवळ दुप्पट! रंगीत 350 ला 520. मशीन तीच, शाई तीच, माणूस तोच. फरक एवढाच की रोजचं क्लीनिंग काम असो नसो तेवढंच लागतं, आणि ते वाटून घ्यायला छापलेले मीटर कमी.

म्हणजे तोच बाप्पाचा टीशर्ट, रिप म्हणतं शाई 2 रुपये 99 पैसे, तर सीझनमधे त्याला खरी शाई लागते 3 रुपये 43 पैशांची आणि निवांत महिन्यात 5 रुपये 26 पैशांची. आता कोटेशनला कुठला आकडा धरायचा? निवांत महिन्यात आलेल्या गिऱ्हाइकाला जास्त रेट लावला तर तो पळतो, आणि नेमकं तेव्हाच तो पाहिजे असतो. माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण वर्षाचं पांढऱ्याचं आणि रंगीतचं एकेक गुणक काढा आणि बारा महिने तेच लावा. आमचा येतो पांढऱ्याला 1.4 आणि रंगीतला 1.25 च्या आसपास, म्हणजे वरच्या टीशर्टला 4 रुपये, हिशोबाला पण सोपं. जे नवीन आहेत आणि ज्यांच्याकडं वर्षाचे आकडे नाहीत त्यांनी पहिलं वर्ष पांढरी सरळ दुप्पट धरावी, कमी लागली तर नफा.

हे वेस्टचं गुणक भरायला सॉफ्टवेअरमधे जागा असायला पाहिजे होती आणि ती नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. एवढं ठिपके मोजणारं सॉफ्टवेअर, त्यात एक वेस्टेज टक्का टाकायचा रकाना द्यायला काय हरकत होती? क्लीनिंगची आज्ञा मशीनच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधनं जाते आणि रिपला ते कळत नाही हे मान्य, पण हातानं भरायची सोय तर देता येते. दुसरी तक्रार, जॉब मधेच थांबवला, फिल्म वाकडी गेली म्हणून, तरी लॉगमधे पूर्ण जॉबची शाई धरली जाते, आणि तोच जॉब परत छापला की परत धरली जाते. तिसरी, लॉग एक्सेलमधे निघतो पण चॅनेलवार बेरीज आपली आपणच करायची. दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी नाहीत, पण दरमहा तासभर खातात.

आता एक गोष्ट जी शाईचा आकडा बघता बघताच लक्षात आली आणि जी मला शाईपेक्षा मोठी वाटते. फिल्म. 60 सेमीची 100 मीटरची फिल्म आम्हाला साधारण 35 रुपये मीटरनं पडते. 11 बाय 14 चे दोन प्रिंट शेजारी शेजारी बसतात, 56 सेमी रुंदी जाते, लांबीला गॅप धरून साडेछत्तीस सेमी, म्हणजे एका प्रिंटला फिल्म 6 रुपये 40 पैशांची. तोच प्रिंट आडवा टाकला तर रुंदीत एकच बसतो, शेजारी वीस-बावीस सेमी फिल्म कोरी जाते, आणि एका प्रिंटला 10 रुपये 15 पैसे. नुसतं फिरवल्यानं पावणेचार रुपयाचा फरक! अख्ख्या शाईचा खर्च 4 रुपये. आपण शाईच्या बाटलीला 50 रुपये कमी करा म्हणून फोनवर अर्धा तास घालवतो आणि इकडं लेआउट करणारा पोरगा घाईत फाईल कशीपण टाकतो. आडव्या टाकलेल्या प्रिंटशेजारच्या कोऱ्या पट्ट्यात निदान छातीवरचे छोटे लोगो तरी बसवा. काही रिपमधे आपोआप बसवायची सोय असते, आमच्यातली बरी आहे पण फिरवून बसवताना हातानं एकदा बघावंच लागतं.

गिऱ्हाइकाला हा आकडा दाखवावा का? मी एकदम ठामपणे सांगतो, नुसता शाईचा आकडा दाखवू नका. स्क्रीन दुकानात सगळ्यांना दिसेल अशी असते, आणि मंडळाची पोरं हुशार असतात.

"दादा, इथं तर तीन रुपये दिसायलेत, आणि तुम्ही प्रिंटचे नव्वद कसं काय सांगताय?"

"अरे भावा, ती नुसती शाई. फिल्म हाय, पावडर हाय, ओव्हन हाय, प्रेस हाय, दाबणारा माणूस हाय."

"मग सगळंच दाखवा की."

आणि त्याचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी एक छोटा कागद करतो, शाई वेस्टसकट, फिल्म, पावडर, लाइट, मजुरी, भाडं, मशीनचा हप्ता, आणि शेवटी आपले चार पैसे, तिरुपूरवरनं आलेला कोरा टीशर्ट वेगळा. लोकं समजून घेतात. उलट फाईलमधला काळा चौकोन काढला तर इतके कमी होतील असं दाखवलं की पोरं स्वतः डिझाइन बदलून आणतात, त्यांचा रेट कमी होतो, आमचं काम हलकं होतं. हा उपयोग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी धरला असेल नसेल, मला मात्र तो सगळ्यात जास्त आवडला.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांसाठी दोन ओळी, कारण आमच्याकडं ते काम आधीपासनं आहे आणि अजून चालू आहे. एका रंगाचे पाचशे टीशर्ट असतील तर डीटीएफचा विचारच करू नका, स्क्रीनच स्वस्त. तिथं शाईचा अंदाज सॉफ्टवेअरशिवाय आणि जास्त खरा निघतो, कामाच्या आधी डबा काट्यावर ठेवायचा, काम झाल्यावर स्क्रीनवरची शाई खरवडून परत डब्यात टाकायची आणि परत वजन. गेलेले ग्रॅम भागिले टीशर्ट. जाळी जाड असेल तर शाई जास्त बसते, बारीक असेल तर कमी, म्हणून जाळीचा नंबर पण त्याच वहीत लिहायचा. आमची मोठी मंडळी हे अजून असंच करतात आणि त्यांचा अंदाज चुकत नाही.

सब्लिमेशन, म्हणजे कागदावर छापून उष्णतेनं रंग कपड्यात उतरवायची छपाई, आमच्याकडं नाही, पळणाऱ्यांच्या टीशर्टचं काम आलं की बाहेरनं करून घेतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाणारे ग्रुप आमच्याकडं येतात, त्यांना पॉलिएस्टरच पाहिजे असतं, तिथं पांढरी शाई नाही, पावडर नाही, हलक्या रंगाच्या कपड्यावरच चालतं, त्यामुळं अंदाज काढणं फार सोपं.

कुणी नवीन मशीन घेणार असाल तर डेमोला जाताना आपली स्वतःची फाईल पेनड्राइव्हवर न्या, काळ्या टीशर्टवरची, जड, फोटोवाली. त्यांच्या डेमोच्या फाईलमधे पांढरी कमी लागेल अशीच डिझाइनं असतात. फाईल रिप करायला लावा आणि बघा आकडा चॅनेलवार येतो का, मिलीमधे येतो का नुसताच रुपयात. ठिपक्याचं माप किंवा टक्केवारी आपल्याला बदलता येते का विचारा, काही ठिकाणी ते कुलूपबंद असतं आणि मग सिरिंजची चाचणी करून उपयोग नाही. लॉग किती महिने राहतो ते विचारा. साधं क्लीनिंग एकदा दाबलं की किती मिली जाते आणि डीपला किती, हेही विचारा, उत्तर गोलमाल आलं तर त्यांच्यासमोरच वेस्टची बाटली रिकामी करून एकदा दाबायला सांगा. आणि ऑर्डर देताना लायसन्सचं डोंगल (यूएसबीला लावायची किल्ली) हरवलं किंवा तुटलं तर नवीन किती दिवसात आणि किती पैशात मिळणार ते बिलावर लिहून घ्या, डोंगलशिवाय रिप उघडत नाही आणि मशीन नुसती उभी राहते. घरी आणल्यावर ते सीपीयूच्या मागच्या यूएसबीला लावा, पुढं लावलं तर टीशर्टचे गठ्ठे उचलताना धक्का लागतो.